सुईआधीचा हिशेब

चेहऱ्यावरच्या आठ्या घालवायला टोचतात त्या बोटॉक्सची बाटली खोक्यातून काढून समोर धरली की बहुतेक जण एकच म्हणतात, "ही तर रिकामीच आहे की, डॉक्टर!" दिसतं खरंच तसं. बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली, वर रबरी बूच, त्याभोवती धातूची कडी आणि उजेडाकडे तिरकी धरली तरच दिसेल असा तळाशी पांढरट पापुद्रा. त्या पापुद्र्यातही बहुतेक सगळं मीठ आणि अल्ब्युमिन. १०० युनिटच्या बाटलीत (युनिट म्हणजे या औषधाची ताकद मोजायचं माप) ०.९ मिलिग्रॅम मीठ आणि ०.५ मिलिग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन. खरं औषध म्हणजे क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं विष. ते काही नॅनोग्रॅमच असतं, डोळ्यांना दिसायचं कारणच नाही.

औषध दिसत नाही म्हणून सगळा भरवसा आकड्यांवर ठेवावा लागतो. किती युनिट, किती सलाईन, कोणती सिरिंज, हाडाच्या कडेपासून किती अंतर. टोचायला पाच-सात मिनिटं पुरतात. बिघडतं ते बहुतेक वेळा त्याआधीच्या पाऊण तासात. आम्ही सोलापुरात त्वचारोगाचं काम करतो. पहिल्या फोनपासून चौथ्या महिन्यापर्यंत हे काम आमच्याकडे कसं चालतं ते क्रमानं सांगतो.

फोनवर पहिला प्रश्न पैशांचा असतो. तो विचारायलाच हवा, पण त्याला एक जोड हवी: "किती युनिटचे?" 'एका भागाचे इतके' असा दर सांगितला तर त्या भागात आठ युनिट जाणार की वीस, हे कळत नाही. औषध जास्त पाण्यात कालवून कमी दरात देता येतं. सिरिंज तेवढीच भरलेली दिसते, टोचणंही तेवढंच होतं, पण सहा आठवड्यांत आठ्या परत आल्या की माणूस म्हणतं, "मला बोटॉक्स लागूच पडत नाही." लागू पडायला पुरेसं गेलेलंच नसतं.

दुसरा प्रश्न तारखेचा. "पुढच्या रविवारी भाचीचं लग्न आहे, त्याआधी करून द्या." याला आम्ही नाही म्हणतो. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो आणि चौदाव्या दिवसापर्यंत पूर्ण होतो. काळं-निळं पडलं तर ओसरायला आठवडा-दहा दिवस लागतात. एक भुवई वर-खाली झाली तर ती चौदा दिवसांनंतरच नीट करता येते. म्हणून कार्य असेल तर तीन ते चार आठवडे आधी यायचं. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्यासाठी, म्हणजे इथल्या यात्रेसाठी, घर पाहुण्यांनी भरणार असेल तर डिसेंबरच्या मध्याआधी. आणि हळद इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी असेल तर नकोच. पाच सुवासिनी चेहऱ्याला हळद चोळणार तेव्हा त्यांना कपाळ सोडून चोळा म्हणून कोण सांगणार?

आता हे औषध नेमकं काय करतं ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटतं तेव्हा स्नायू आकसतो. हे विष त्या टोकात शिरून स्नॅप-२५ नावाचं प्रथिन कापतं, मग ॲसिटिलकोलिन बाहेर पडू शकत नाही आणि स्नायू सैल राहतो. तंतूचं काम हळूहळू पूर्ववत होतं, म्हणून तीन-चार महिन्यांत हालचाल परत येते. औषध कातडीला काहीच करत नाही. त्यामुळे रागावल्यावर, हसल्यावर, भुवया उंचावल्यावर उमटणाऱ्या रेषांवर ते उत्तम चालतं. चेहरा शांत असतानाही कोरलेली दिसणारी रेषा त्यानं फिकी होते, पुसली जाईलच असं नाही. गालाचं ओघळणं, उन्हानं पडलेले डाग, कातडीचा खरखरीतपणा यांवर त्याचा उपयोग नाही. आणि हे फिलर नव्हे. फिलर म्हणजे भर घालणारं जेल. त्याचा मोठा धोका रक्तवाहिनी बुजण्याचा, त्यातून कातडी मरण्याचा आणि क्वचित दृष्टी जाण्याचा. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर हायल्युरॉनिडेज देऊन विरघळवता तरी येतं. बोट्युलिनमचं तसं नाही. स्नायूत एकदा बसलं की परत काढून घ्यायची सोय नाही, उतरेपर्यंत वाट बघायची. म्हणून कमी देऊन चौदाव्या दिवशी वाढवणं शहाणपणाचं.

प्रत्यक्ष आल्यावर पहिली पंधरा मिनिटं प्रश्नांची. मायस्थेनिया ग्रॅव्हिस किंवा लॅम्बर्ट-ईटन असा स्नायू दुबळे करणारा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, टोचायच्या जागी पुळी किंवा संसर्ग, आधीच्या इंजेक्शननंतर आलेली ॲलर्जी. यातलं काही असेल तर त्या दिवशी इंजेक्शन होत नाही. याच विषाच्या डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडमध्ये दुधातली साखर असते आणि तिच्यात दुधातल्या प्रथिनांचा अंश असू शकतो, तेव्हा गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी प्रतिजैविकं अलीकडे घेतली का हेही विचारतो, कारण त्यांनी परिणाम वाढू शकतो. नुकतंच दवाखान्यात ॲडमिट होऊन आलेल्या माणसाला कुठली इंजेक्शनं दिली हे ठाऊक नसतं, म्हणून डिस्चार्ज कार्ड मागवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर काळं-निळं पडायची शक्यता वाढते. तरी हृदयासाठी घेत असलेली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आठ्यांसाठी कुणीही आपल्या मनानं बंद करू नये. कपाळावरचा निळा डाग आठ दिवसांत जातो.

एक प्रश्न सोलापूरचा म्हणून मुद्दाम विचारतो: जेवून आलात ना? श्रावणी सोमवारी उपवास धरून, उन्हातून गाडीवर येऊन थेट खुर्चीत बसलेलं माणूस सुई बघूनच घेरी येऊन पडू शकतं. तो औषधाचा दोष नसतो, पण पडल्यावर लागतं ते खरंच लागतं. पाणी, काहीतरी खाणं आणि वीस मिनिटं पंख्याखाली बसणं झालं की मग पुढे.

नंतर फोटो. चेहरा शांत, मग रागावून, मग भुवया वर, मग मोठं हसून, मग दोन्ही बाजूंनी. पाच-सहा फोटो एकाच जागी, एकाच उजेडात. बऱ्याच जणींची एक भुवई मुळातच दुसरीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर असते आणि ते त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. इंजेक्शननंतर माणूस आरशासमोर जास्त वेळ उभं राहतं आणि तेव्हा ते दिसतं. फोटो असला की जुनं काय, नवं काय यावर वाद होत नाही.

फोटोनंतरची तपासणी आमच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि घाईत नेमकी तीच सुटते. "अक्का, डोळे मिटा, कपाळ एकदम सैल सोडा." मग भुवईवर अंगठा ठेवून ती हलकेच दाबून धरायची आणि म्हणायचं, "आता डोळे उघडा." पापणी बाहुलीच्या वर गेली तर ठीक. बाहुलीवर अर्धी लोंबली, तर ओळखायचं की हे माणूस दिवसभर कपाळाच्या स्नायूनं पापणी उचलून धरतंय. त्या कपाळावरच्या आडव्या आठ्या ओझं उचलून पडलेल्या असतात. तो स्नायू सैल केला की आठ्या जातील, पण भुवई खाली बसेल आणि डोळा उघडायला जड जाईल. साठीच्या पुढे हे बरंच दिसतं. अशांचं कपाळ आम्ही सोडून देतो, फार तर भुवयांमधल्या उभ्या रेषा करतो. पैसे घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवणं अवघड असतं, पण ते केलंच पाहिजे.

इथेच चष्म्याचंही विचारतो. नंबर चुकलेला असेल तर माणूस दिवसभर डोळे बारीक करून बघतं. दुपारच्या उन्हात बिनगॉगलची गाडी चालवणाऱ्यांचं तेच, आणि गणवेशाच्या कारखान्यात बारीक शिलाईवर नजर लावून बसणाऱ्यांचंही. भुवयांमधली ती उभी जोडरेघ सवयीनं खोल होत जाते. आधी नंबर तपासून घ्या, गॉगल घ्या, सनस्क्रीन लावा. मग इंजेक्शन कमी लागतं आणि टिकतंही जास्त वाटतं.

आता बाटलीकडे परत येऊ. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात हवी. सोलापूरचा मे महिना म्हणजे दुपारी ४२-४३ अंश. थर्मोकोलच्या खोक्यातून औषध येतं, त्यातल्या जेलच्या पिशव्या हाताला गार लागल्या पाहिजेत. वितळून कोमट झाल्या असतील तर खोकं परत. फ्रिजमध्ये बाटली दारात ठेवायची नाही, मधल्या फळीवर ठेवायची आणि शेजारी थर्मामीटर. वीज तासभर गेली तर बंद फ्रिज तग धरतो. चार तास गेली आणि दार चार वेळा उघडलं तर धरत नाही. औषध बिघडलं तरी ते दिसायला तसंच दिसतं, वास येत नाही, रंग बदलत नाही. तुमच्यासाठीची बाटली कुठून निघाली हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. औषध पर्समधून किंवा खिशातून निघालं तर तिथून उठून या.

बाटली तुमच्यासमोर खोक्यातून निघाली पाहिजे. खोक्यावरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बाटलीवरच्याशी जुळते का ते बघायचं. बनावट मालाची भीती पोकळ नाही. २०२४ साली अमेरिकेत बनावट बोटॉक्स सापडलं, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनानं सांगितलेल्या खुणांपैकी एक म्हणजे खोक्यावर १५० युनिट असं छापलेलं होतं. मूळ कंपनी १५० युनिटची बाटली बनवतच नाही. घरी किंवा स्पामध्ये, परवाना नसलेल्या किंवा न शिकलेल्या हातांनी टोचून घेतल्यावर अकरा राज्यांतल्या बावीस जणांना त्रास झाल्याची नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं त्या एप्रिलमध्ये केली, आणि त्यांतल्या अनेकांना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. त्याआधी २००४ मध्ये फ्लोरिडात चार जण लुळे पडले. त्यांना टोचलेलं विष प्रयोगशाळेसाठीचं होतं, माणसांसाठी मंजूर नसलेलं आणि अतिशय तीव्र. माणसाला सुमारे ३००० युनिट घातक ठरतील असा अंदाज शास्त्रीय लिखाणात दिला जातो. चेहऱ्यावरच्या तिन्ही भागांना मिळून ६४ युनिट लागतात. अस्सल, मोजलेल्या औषधात सुरक्षिततेची ही दरी मोठी आहे. बाटलीत काय आहे हेच ठाऊक नसेल तर ती दरी उरत नाही.

बाटलीत सलाईन घालताना एक गोष्ट बघण्यासारखी आहे. बाटलीत निर्वात पोकळी असते, त्यामुळे सुई बुचातून आत गेली की दट्ट्या न दाबताच सलाईन आपोआप आत ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर आत हवा शिरली आहे. ती बाटली टाकून द्यायची, कितीही महाग असली तरी. सलाईन ०.९ टक्क्यांचं, परिरक्षक नसलेलं. मग बाटली ताकासारखी घुसळायची नाही, तळहातावर हळू गोल फिरवायची. फेस येऊ द्यायचा नाही.

१०० युनिटमध्ये २.५ मिली सलाईन घातलं की ०.१ मिलीमध्ये ४ युनिट येतात. कंपनीच्या पत्रकातही हेच प्रमाण आहे. सलाईन घातल्यावर औषध फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत वापरायचं, असं तेच पत्रक म्हणतं.

आणि आता सिरिंज. आपल्याकडे मेडिकलमध्ये इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात. लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची. लाल टोपीवाल्या १ मिलीच्या सिरिंजवर ४० पर्यंत आकडे, केशरीवर १०० पर्यंत. २.५ मिलीमध्ये कालवलेलं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं तर सिरिंजवरचा २० चा आकडा म्हणजे बरोबर २० युनिट बोटॉक्स. तेच औषध केशरीत २० च्या खुणेपर्यंत भरलं तर जातात फक्त ८ युनिट. उलटी चूक जास्त वाईट. काही जण बाटलीत १ मिलीच सलाईन घालतात. तेव्हा केशरी सिरिंजवर एक आकडा एक युनिट होतो. त्याच औषधासाठी चुकून लाल सिरिंज हातात आली तर २० च्या खुणेला ५० युनिट भरतात, अडीच पट. भुवयांमध्ये अडीच पट औषध गेलं की पापणी पडायची वाट बघायची. म्हणून आमच्या ट्रेमध्ये एकाच रंगाच्या टोपीची सिरिंज असते, दुसरी त्या खोलीत येतच नाही. बाटलीवर मार्करनं लिहायचं: किती मिली घातलं, किती वाजता, कुणी. दोन माणसांनी मोठ्यानं वाचायचं.

ब्रँड बदलला की युनिटही बदलतं, हेही इथेच सांगतो. भुवयांमधल्या रेषांसाठी बोटॉक्सची २० युनिट लागतात, डिस्पोर्टची ५०. शेजारणीला ५० दिली, मला २०च दिली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना आधी ब्रँड विचारतो.

एका बाटलीतून दोघांना देणं हा नाजूक विषय आहे. पत्रकानुसार बाटली एकाच माणसासाठी असते. खर्च वाचवायला बऱ्याच ठिकाणी ती वाटली जाते. वाटलीच तर प्रत्येक माणसाला कोरी सिरिंज, आणि चेहऱ्याला लागलेली सुई पुन्हा बाटलीत कधीही जाता कामा नये. कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही यांचा रस्ता तिथून जातो. पन्नास युनिटची बाटलीही मिळते. एकट्यासाठी तेवढी पुरत असेल तर तीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत.

मग खुर्ची. चेहरा धुवून, मेकअप काढून. स्पिरिट लावलं की ते पूर्ण वाळू द्यायचं. बर्फ दोन मिनिटं. पांढऱ्या पेन्सिलीनं खुणा करतो, त्याही माणूस बसलेलं असताना. आडवं झालं की भुवया जागा बदलतात.

भुवयांमध्ये पाच टोचे, प्रत्येकी ४ युनिट. मधला टोचा प्रोसेरस स्नायूत, टिकली लावतात त्याच्या जरासा खाली. दोन भुवयांच्या आतल्या टोकांना, जिथे कोरुगेटर स्नायू हाडाला चिकटलेला असतो, तिथे खोल. उरलेले दोन बाहेरच्या बाजूला, कमी खोल. या बाहेरच्या दोन टोच्यांना आम्ही सगळ्यांत जास्त जपतो. हाडाच्या कडेपासून किमान १ सेंटिमीटर वर, आणि बाहुलीच्या मध्यातून वर ओढलेल्या रेषेच्या बाहेर नाही. टोचताना डाव्या हाताचा अंगठा डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर घट्ट दाबलेला असतो, कारण औषध खाली उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं की पापणी पडते. हाडाची कड बोटानं चाचपायची, भुवईच्या केसांवरून अंदाज बांधायचा नाही. थ्रेडिंग केलेली भुवई जिथे कोरली तिथे असते, हाड आपल्या जागी असतं.

कपाळावर पाच टोचे, एकूण २० युनिट, पण एकटं कपाळ करत नाही. भुवई वर उचलणारा स्नायू एकच, फ्रॉन्टॅलिस. खाली ओढणारे अनेक. उचलणारा सैल केला आणि ओढणारे तसेच ठेवले तर भुवई खाली येणारच. म्हणून भुवयांमधलं आणि कपाळाचं एकत्र. कपाळावरचे टोचे भुवईच्या बरेच वर. खालची एखादी आठी उरली तरी चालेल. ती घालवायच्या मोहात भुवई बसते. पुरुषांचे स्नायू जाड असतात, त्यांना युनिट जास्त लागतात.

डोळ्यांच्या कडेच्या रेषांना प्रत्येक बाजूला तीन टोचे, ४-४ युनिटचे, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २४. इथे कातडी पातळ असते. अगदी वरवर टोचायचं, मसुराएवढा फुगवटा उठतो आणि पंधरा-वीस मिनिटांत बसतो. शिरा उजेडात दिसतात, त्या चुकवायच्या. फार खाली गालाकडे गेलं तर हसणारा स्नायू सैल पडून हसू वाकडं होतं. एका बाजूचं हसू पडलेलं माणूस तीन महिने फोटोत तोंड मिटून उभं राहतं. त्या रेषेसाठी हे मोल फार झालं.

सगळं झाल्यावर कार्ड लिहून द्यायचं: औषधाचं नाव, बॅच नंबर, किती मिलीमध्ये कालवलं, कुठे किती युनिट, तारीख, टोचणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक. बाटलीवरचा स्टिकर निघत असेल तर तोही त्यावर चिकटवायचा. पार्लरच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा 'बाहेरून येणाऱ्या डॉक्टरां'कडून टोचून घेतलेल्या बायका आमच्याकडे येतात, तेव्हा काय दिलं, किती दिलं, यातलं त्यांना काहीच सांगता येत नाही. मग आम्हालाही अंदाजानं चालावं लागतं. बाटलीत उरलेलं औषध हायपोक्लोराइटनं निकामी करायचं, बाटलीवरच्या लेबलवर काट मारायची. अस्सल बाटलीत दुसरं काही भरून विकायची वाट तेवढ्यानं बंद होते.

पुढचे चार तास डोकं वर ठेवायचं. झोपायचं नाही, इंजेक्शनची जागा चोळायची नाही, घट्ट हेल्मेट किंवा कपाळाला फडकं बांधायचं नाही. साष्टांग नमस्कार, सूर्यनमस्कार त्या दिवशी नको. नमाज पढणाऱ्यांना सजद्यात कपाळ टेकवावं लागतं, म्हणून त्यांना इशा, म्हणजे रात्रीची शेवटची नमाज, झाल्यानंतरची वेळ आवर्जून देतो. मग चार तास झोप पुढे ढकलली की झालं. टिकली त्या दिवशी दाबून लावायची नाही, कुंकू हलक्या हातानं. चार तासांच्या या नियमामागे भक्कम पुरावा आहे असं नाही, पण पाळायला सोपा आहे आणि त्यानं तोटा काही नाही. जिम, वाफ, फेशियल दुसऱ्या दिवसानंतर. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल.

तिसऱ्या दिवशी फोन येतो, "काहीच फरक नाही." दहाव्या दिवशी तेच माणूस म्हणतं, "राग करायला जातेय, होतच नाही." हे अपेक्षित. काळजीचा फोन वेगळा असतो: "डॉक्टर, डोळा जड वाटायलाय." तेव्हा व्हिडिओ कॉलवर भागवत नाही, बोलावून घेतो. जड वाटण्याची कारणं दोन आणि दोघांचे उपाय वेगळे. भुवई बोटानं उचलून धरली आणि दोन्ही डोळे सारखे दिसले तर भुवई बसली आहे, पापणी ठीक आहे. भुवई उचलूनही एका पापणीनं बाहुली झाकली तर पापणी पडली आहे.

पापणी पडणं नेमक्या हातांतूनही होतं. भुवयांमधल्या रेषांच्या मूळ चाचण्यांत शंभरात तीन जणांना झालं होतं. ते कायमचं नसतं, काही आठवड्यांत उतरतं. अप्राक्लोनिडिनचे ०.५ टक्क्यांचे थेंब पापणीतल्या म्युलर स्नायूला चेतवतात आणि पापणी एक-दोन मिलिमीटर उचलतात. काचबिंदू आहे का ते बघून, नेत्रतज्ज्ञाला विचारूनच ते द्यायचे. तोवर गाडी चालवायची नाही, विशेषतः रात्री. भुवईचं बाहेरचं टोकच तेवढं वर चढलं, चेहरा सतत चकित दिसू लागला, तर ते सोपं: त्या बाजूला एक-दोन युनिट दिली की बसतं.

हे सगळं वाट बघण्यासारखं. पण गिळायला त्रास, बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, मान धरवत नाही, दम लागतोय, यातलं एक जरी झालं, मग ते काही तासांत असो की काही आठवड्यांनी, तर त्वचेच्या डॉक्टरची वाट बघायची नाही. सिव्हिल असो की जवळचं मोठं हॉस्पिटल, थेट कॅज्युअल्टी गाठायची आणि ते कार्ड दाखवायचं. विष टोचलेल्या जागेपासून लांब पसरू शकतं, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ मध्ये सगळ्या बोट्युलिनम औषधांच्या पत्रकावर चौकटीत छापायला लावला. सौंदर्यासाठीच्या ठरलेल्या मात्रेत, मंजूर औषधानं असं घडल्याची पक्की नोंद तेव्हा त्यांच्याकडे नव्हती. बनावट औषधाचं मात्र वर सांगितलं तेच. अशा वेळी देतात ते प्रतिविष पुढचं नुकसान थांबवतं, स्नायूत आधीच बसलेलं उलटवत नाही. म्हणून तासातासाला मोल असतं.

फायद्यांबद्दल कमी लिहिलं, कारण ते आरशात दिसतात. तरी एक सांगायलाच हवं. वर्गात शिकवणाऱ्या, काउंटरवर बसणाऱ्या बाईला दिवसातून चारदा कुणीतरी विचारतं, "रागावलात का?" ती रागावलेली नसते, भुवयांमधली रेघ तसं सांगते. तिला हे उपयोगी पडतं, आणि त्याला नटवेपणा म्हणणं आम्हाला पटत नाही. हे औषध मुळात चेहऱ्याच्या शोभेसाठी आलंच नव्हतं. १९८९ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. कॅनडात पापण्यांच्या आचक्यांवर ते देताना नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांना भुवयांमधल्या आठ्या गेलेल्या दिसल्या. आठ्यांसाठीची मंजुरी २००२ ची. काखेतल्या अतोनात घामासाठी, प्रत्येक काखेत ५० युनिट, २००४ पासून आणि जुनाट अर्धशिशीसाठी, ३१ टोच्यांत १५५ युनिट, २०१० पासून. सोलापूरच्या उन्हाळ्यात शर्ट पिळावा लागेल इतका घाम येणाऱ्या माणसाला या घामाच्या उपचाराची माहितीच नसते. आठ्यांपेक्षा त्याचं दुःख मोठं असतं.

चौदाव्या दिवशी पुन्हा तेच फोटो, त्याच जागी. कमी पडलं तिथे दोन ते चार युनिट. त्यानंतर बारा आठवड्यांच्या आत पुन्हा टोचायचं नाही. सारखं थोडं थोडं टोचत राहिलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं आणि मग खरंच लागू पडत नाही. थांबवलं तर चेहरा आधीपेक्षा बिघडतो ही भीती चुकीची. जिथून निघाला तिथेच परत येतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भुवया पुन्हा हलू लागतात. तेव्हा जुना फोटो, नवा फोटो शेजारी ठेवून बघतो. कधी रेघ निम्म्यानं फिकी झालेली असते आणि पुढच्या वेळी २० ऐवजी १६ युनिट पुरतात. कधी बाई म्हणते, "राहू द्या, आता नको," आणि तेही ठीक. घ्यायचंच ठरलं तर कार्डावर नवी ओळ: तारीख, नवा बॅच नंबर, २.५ मिली, लाल टोपी.